खरशीकरांचा जळालेला गुरुवार

अतिदाब म्हणजे तारेतून ठरल्याहून अधिक जोराने आलेली वीज. तिने सहसा उपकरणे जळतात, वेणूताई खरशीकरांच्या घरातला मात्र गुरुवार जळाला.

बुधवारी संध्याकाळी सहा वाजता दिवे क्षणभर पांढरे झाले आणि पूर्ववत झाले. पंखा, शीतकपाट, गिरणी सारे शाबूत होते. वेणूताई नेहमीप्रमाणे निजल्या आणि शुक्रवारी सकाळी उठल्या.

“कमाल आहे हो तुमची,” शेजारच्या बेडेकरकाकू कुंपणावरून म्हणाल्या. “काल तुमचे बंधू दुपारभर पायरीवर बसले होते. दार वाजवून वाजवून थकले. मी पाणी द्यायला गेले, तर म्हणाले, कळलं मला काय कळायचं ते.”

मुकुंद हा वेणूताईंचा धाकटा भाऊ. आईच्या शिलाई यंत्रावरून दोघांत अकरा वर्षे अबोला होता. कापडदुकानातल्या नोकरीमुळे त्याला सुट्टी तेवढी गुरुवारची. सोमवारी त्याचे पत्र आले: “येत्या गुरुवारी शेवटचा येईन. तेव्हाही दार बंद असेल तर पुन्हा नाही.”

वेणूताईंनी त्याच दिवशी वीज कंपनीकडे नुकसानीचा अर्ज दिला. मंगळवारी कनिष्ठ अभियंता बोरगावे पंचनाम्यास आले.

“जळालेली वस्तू हलवली नाहीत ना?”

वेणूताईंनी भिंतीवरची दिनदर्शिका दाखवली. गुरुवारची ओळ काजळली होती. बोरगाव्यांनी तिच्यावरून बोट फिरवले, हुंगले आणि ‘जळका वास, आहे’ असे लिहिले.

“पण बाई, गुरुवारी तुमच्या भागात दुरुस्तीसाठी वीज बंद असते. ज्या वारी पुरवठाच नाही, त्या वाराचं नुकसान आमच्यामुळे कसं?”

“अहो, दाब बुधवारी आला. गुरुवार तेव्हा घरात येऊन पडलेला होता. सकाळी लागणारी वस्तू आदल्या संध्याकाळी घरात नको?”

बोरगाव्यांनी पंचनाम्यात लिहिलेली हरकत खोडली.

“भरपाई मिळेपर्यंत गुरुवारपुरतं दुसरीकडे राहता येईल?”

“भावाशी आईच्या या घरात बसून बोलायचंय, साहेब. धर्मशाळेत नाही.”

“किती वर्षं वापरात होता?”

“मी जन्मले तेव्हापासून.”

“मग नवा मिळणार नाही. ज्या घरांचा पुरवठा कायमचा तोडला, त्यांचे वार आमच्या भांडारात असतात. त्यातला एक बसवून देऊ. आवडनिवड चालणार नाही.”

“भाऊ आत येऊन बसेल एवढा चालला म्हणजे झालं.”

बुधवारी दुपारी कंपनीच्या तारमार्ग कर्मचाऱ्याने गुरुवार बसवला आणि पोचपावतीवर सही घेतली. वार कोण्या बंद पडलेल्या घरातला होता. दुसऱ्या दिवशी वेणूताई उठल्या, तेव्हा तो चालू होता. ओसरीवर एक वृद्ध गृहस्थ बसलेले आढळले. ते त्या गुरुवारासोबतच आले होते. वेणूताईंनी त्यांना चहा दिला.

अकराच्या सुमारास मुकुंद आला. दार उघडे होते.

“हे कोण?”

“गुरुवारचे आहेत.”

“बरं,” मुकुंद म्हणाला आणि चपला काढून आत आला.

पुढे दर गुरुवारी तो येत राहिला. शिलाई यंत्र आता सहा महिने इथे आणि सहा महिने तिथे असते.

गावात ही हकीकत सांगताना त्या वृद्ध गृहस्थांनी बहीणभावांची समजूत घातली, असे सांगतात. ते खरे नाही. ते गृहस्थ दिवसभर एक अक्षरही बोलले नाहीत. परक्या माणसासमोर आवाज चढवणे दोघांनाही प्रशस्त वाटले नाही. म्हणून ती दोघे अगदी हळू भांडली, आणि इतके हळू बोललेले ऐकू यावे म्हणून त्यांना जवळ जवळ बसावे लागले.