गरम टॉर्टियांचं मशीन

आधीच एक गोष्ट स्पष्ट करते, म्हणजे पुढे वाद नको. आमच्या पाचुका गावातल्या त्या चढाच्या रस्त्यावर, मशीनवर मला हरवणारं कोणी तेव्हा जन्माला आलेलं नव्हतं! हे मी चाळिशी ओलांडल्यावर, दोन मुलांची आई झाल्यावर, पूर्ण शुद्धीत लिहिते आहे. आमच्याच रस्त्यावरचा एवारिस्तो याच्या उलट काही सांगत फिरत असेल तर त्याचं ऐकू नका. तो आता दातांचा डॉक्टर झालाय. समोरच्याच्या तोंडात कापूस कोंबून मग त्याला जुन्या पराक्रमाच्या गोष्टी सांगतो. बिचारा पेशंट नाही तरी कसा म्हणणार?

हे व्हिडिओ गेमचं मशीन होतं डोन नाबोरच्या दुकानात. साबण, मेणबत्त्या, अंडी, वह्या, वाळक्या मिरच्या, सगळं एका खोलीत कोंबलेलं, त्यामुळे आमच्या वह्यांनाही मिरचीचा वास यायचा. दारातून आत गेलं की थंड पेयांचा फ्रिज आणि त्याला खेटून मशीन. पडद्यावर मुखवटेवाले कुस्तीगीर एकमेकांना बुकलायचे आणि खाली आम्ही दांड्या पिळायचो. कायदा एकच. हरला तो बाजूला, जिंकला तो तिथेच. पुढचा नंबर हवा असेल तर पडद्याखालच्या पट्टीवर आपलं नाणं ठेवायचं आणि गप्प उभं राहायचं. आमच्या रस्त्यावर सायकली चोरीला जात, वाळत घातलेल्या चादरी जात, एकदा तर कोणाची तरी अख्खी कोंबडी गेली. पट्टीवरचं नाणं मात्र कोणी कधी उचललं नाही.

मुलीनं दुकानात पोरांच्या घोळक्यात उभं राहायचं नाही, असा आमच्या आईचा दंडक होता. त्यामुळे मला मशीनपर्यंत पोचायला वाट एकच, टॉर्टिया, म्हणजे आमच्या मक्याच्या पोळ्या, आणायच्या कामाची. दुपारी जेवणाआधी आई भरतकाम केलेलं फडकं हातात द्यायची आणि मी चढ चढून टॉर्टियाच्या दुकानासमोर रांगेत उभी राहायची. टॉर्टियाचं दुकान चढाच्या वरच्या टोकाला, आमचं घर खालच्या टोकाला, आणि डोन नाबोर बरोब्बर मधे. आता यात माझा काय दोष? दुकानं काही मी बांधली नव्हती.

घोळ घातला तो वाऱ्यानं. आमच्या गावचा वारा असा, की गरम टॉर्टिया फडक्यात गुंडाळून निघालं तरी एखादा डाव खेळेपर्यंत त्या गारढोण व्हायच्या. बाबा बिचारे काही बोलत नसत. टॉर्टिया उचलायचे, दोन बोटांत धरून वाकवायचे, ती वाकत नाही असं पाहिलं की परत टोपलीत ठेवायचे आणि घेवड्याची उसळ नुसतीच चमच्यानं खायचे. आईला हे शिव्या घातल्यापेक्षा जास्त लागायचं.

एक दिवस तिनं माझ्याकडे बोट रोखलं. "एरेंदिरा, उद्या टॉर्टिया गार आल्या तर परवापासून आणायला मी जाईन. तू शाळेतून थेट घरी, आणि घरातून कुठेही नाही."

म्हणजे माझं मशीन बंद! दुसरी कोणी मुलगी असती तर तिनं खेळणं सोडलं असतं. मी हार मानणाऱ्यातली नाही. खेळायचं तर होतंच, प्रश्न फक्त टॉर्टियांच्या तब्येतीचा होता.

उत्तर मला डोन नाबोरच्या मांजरीनं दिलं. ही बया बारा महिने मशीनच्या टपावर झोपलेली असायची. दुकानात पोत्यांची मऊ बिछायत असताना हिला तिथे वर काय मिळतं? दुसऱ्या दिवशी मी टाचा उंचावून तिच्या पोटाखाली हात घातला. टपावर मागच्या बाजूला जाळी होती आणि तिच्यातून छान उबदार हवा येत होती. मी मांजरीला उचलून खाली ठेवलं, तिच्या जागेवर फडकं ठेवलं, आणि निवांत खेळले.

घरी आईनं टॉर्टिया हातात घेतली. मग माझ्याकडे पाहिलं. मग घड्याळाकडे.

"पळत आलीस?"

"हो," मी म्हटलं. ते खोटं नव्हतंच. डोन नाबोरच्या दारापासून घरापर्यंत मी पळतच आले होते.

आई इतकी खूश झाली, की तिनं ही बातमी रस्ताभर केली. आपली मुलगी कशी सुधारली, कशी इकडे-तिकडे न बघता घरी येते, वगैरे. सगळ्यात आधी सांगितलं डोन्या ओफेलियाला. ही ओफेलिया म्हणजे एवारिस्तोची आई. माझ्या बाप्तिस्म्याला तिनंच मला हातांवर घेतलं होतं, म्हणून माझी धर्ममाता आणि आईची कोमाद्रे. आमच्याकडे हे नातं सख्ख्या बहिणीपेक्षा जपायचं असतं. तर त्या धर्ममातेनं एवारिस्तोला माझं उदाहरण देऊन देऊन असं सोलून काढलं, की तो माझ्यावर पाळत ठेवायला लागला. दोन दिवसांत त्याचं फडकं माझ्या फडक्याशेजारी टपावर!

मी म्हटलं, ही माझी जागा आहे. तो म्हणाला, तुझ्या बापानं मशीन विकत घेतलंय का? डोन नाबोरला विचारावं तर तो माशा हाकलत म्हणाला, पोरं खेळताहेत ना, मग वर काय का ठेवेनात. मग काय, बघता बघता टपावर फडक्यांची गर्दी झाली. मांजर रुसून तांदळाच्या पोत्यावर राहायला गेली. रस्त्यातली घरंच्या घरं गरम टॉर्टिया खायला लागली आणि बायकांनी त्याचं सगळं श्रेय टॉर्टियाच्या दुकानवालीला दिलं. तिनं पीठ बदललंय म्हणे! ती बाई पण अशी, की नाही म्हणाली नाही.

इथवर सगळं उत्तम चाललं होतं. एका दुपारी घाईत मी चुकीचं फडकं उचललं, तिथून फिसकटलं.

आईनं ते टेबलावर उलगडलं आणि तिचा हात जागच्या जागी थांबला. आमच्या फडक्यावर लाल डाळिंबं होती. याच्यावर निळे पक्षी होते, चोचीत फुलं धरलेले. आता या पक्ष्यांचा इतिहास असा, की आईनं हा नमुना ओफेलियाकडे पूर्वी मागितला होता. ओफेलियानं गळ्याची शपथ घेऊन सांगितलं होतं, की कोमाद्रे, ते फडकं केव्हाच हरवलं, नाहीतर तुम्हाला नाही म्हणाले असते का? हरवलं कसलं, तिनं ते कपाटाच्या तळाशी दडवून ठेवलं होतं. घरातली बाकीची फडकी धुवायला टाकलेली, म्हणून एवारिस्तो कपाटात हात घालून मिळेल ते घेऊन आला होता. तेवढी अक्कल त्याला तेव्हाही नव्हती, आजही नाही.

"अस्सं," आई म्हणाली.  तिनं टॉर्टिया बशीत काढल्या, फडकं खिडकीच्या उजेडात धरलं आणि टाके न्याहाळत बसली.

तिकडे ओफेलियाच्या टेबलावर आमची डाळिंबं उलगडली होती. तिनं कपाट उघडून पाहिलं तर पक्षी उडालेले! तिनं सरळ हिशेब केला. हर्लिंदाला, म्हणजे माझ्या आईला, नमुना हवा होता. हर्लिंदानं पोरीकरवी फडकं पळवलं आणि वर आपलं फडकं ठेवून दिलं, खिजवायला!

दुसऱ्या दिवशी एवारिस्तो मला टॉर्टियाच्या रांगेत भेटला तो लाल होऊन.

"तुझी आई चोर आहे," तो म्हणाला.

"तुझी आई खोटारडी आहे," मी म्हटलं. आणि माझ्याकडे तर पुरावाही होता, निळ्या पक्ष्यांचा.

पण नुसतं भांडून भागणार नव्हतं. कोणीतरी घरी जाऊन सांगायला हवं होतं, की कोणी काही चोरलेलं नाही, फडकी मशीनवर बदलली. आणि जो सांगेल त्याचं मशीन कायमचं सुटणार. शेवटी ठरलं, की मशीनवरच निकाल लावायचा. हरेल त्यानं दोन्ही घरी जाऊन सांगायचं. डोन नाबोरच्या दुकानात पोरांनी आम्हाला वाट करून दिली. पट्टीवरची सगळी नाणी त्यांनी त्या दिवशी आपणहून मागे घेतली. टपावर टॉर्टियांचा ढीग रचला गेला, कारण हा सामना सोडून घरी जायला कोणीच तयार नव्हतं.

आम्ही खेळत असताना रस्त्यावर काय घडत होतं ते मला नंतर कळलं. आमची आई पक्षी घेऊन बाहेर पडली आणि त्याच वेळी ओफेलिया डाळिंबं घेऊन.

"कोमाद्रे, तुमचं हरवलेलं फडकं सापडलं बरं का," आई म्हणाली. "माझ्या टेबलावर."

"सापडलं नाही, नेलंत," ओफेलिया म्हणाली.

वाऱ्यात दोघी फडकी फडकावत इतक्या भांडल्या, की घरोघरच्या खिडक्या उघडल्या. शेवटी दोघींनी ठरवलं, टॉर्टियाच्या दुकानवालीला साक्षीला धरायचं. दोघी रस्त्याच्या दोन कडांनी चढ चढल्या. दुकानवाली म्हणाली, पोरं तर केव्हाच टॉर्टिया घेऊन गेली, रोजच वेळेवर जातात. मग घरी पोचतात कधी? आणि पोचतात तेव्हा गरम कशा? तिघींनी एकमेकींकडे पाहिलं म्हणे. दोघी खाली निघाल्या, या वेळी रस्त्याच्या एकाच कडेनं.

इकडे माझा कुस्तीगीर एवारिस्तोच्या कुस्तीगिराला लोळवत होता. हे मी शपथेवर सांगते. त्याच्या गड्याचा जीव नखाएवढा उरला होता. एक लाथ, बस्स! तेवढ्यात भाजलेल्या मक्याचा सुंदर वास आला. सगळ्यांना वाटलं, वरून दुकानातून येतोय. मग धूर आला. ढिगानं जाळी पार बुजली होती आणि मशीनला श्वास घ्यायला जागाच उरली नव्हती. मी लाथेसाठी बटणावर बोट ठेवलं आणि डोन नाबोरनं गल्ल्यावरून झेप घेऊन भिंतीतली पिन खेचली.

पडद्याचा एक पांढरा ठिपका झाला आणि तोही विझला.

"बरोबरी," एवारिस्तो म्हणाला.

त्याचं नाक मी फोडलं असतं, पण दारात दोघी आया उभ्या होत्या.

 आईनं एकदा धुराकडे, एकदा टपाकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. ती पुढे आली, ढिगातून आमचं त्या दिवशीचं दुसरं फडकं ओळखून काढलं आणि त्यावर तळहात ठेवला.

"गरम आहेत," ती म्हणाली.

ओफेलियानंही आपलं दुसरं फडकं शोधलं. "माझ्याही." मग तळाचं एक उघडून पाहिलं. त्यातल्या टॉर्टिया पापडासारख्या कडक झाल्या होत्या. ती एक तुकडा मोडून चावत म्हणाली, की याही काही वाईट नाहीत.

"ही कल्पना कोणाची?" आईनं विचारलं.

एवारिस्तोनं आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलायची संधी साधली आणि माझ्याकडे बोट दाखवलं. मी काय घाबरते? मी मान ताठ करून म्हटलं, "माझी. आणि इतके दिवस सगळ्यांनी गरम खाल्लंत, तेव्हा कोणी तक्रार केली नाही."

मला वाटलं, आता कानफटात बसणार. पण आई मशीनच्या मागे जाऊन जाळी बघत होती. ओफेलिया तिच्या खांद्यावरून डोकावत होती. फडकी कशी बदलली ते आता दोघींना कळलं होतं. ओफेलिया जरा खाकरली आणि म्हणाली, की कोमाद्रे, ते पक्ष्यांचं फडकं शेवटी सापडलं हे बरंच झालं, नाही का? आई म्हणाली, बरंच झालं, तो चोचीजवळचा टाका मला काही कळत नव्हता. आमच्या मागे लागलेलं एवढं लफडं दोघींनी एका टाक्यात मिटवलं!

मग आई डोन नाबोरकडे वळली. "जाळी मोकळी ठेवायची. एकावर एक काही ठेवायचं नाही." डोन नाबोरनं मान डोलावली. मशीनच्या मालकाचंही एवढं ऐकलं नसेल त्यानं. "आणि पोरी, उद्यापासून टॉर्टिया आणायला मी येईन."

"पण त्या गरमच आल्या होत्या!" मी ओरडले. "गार आल्या तर तू जाणार होतीस, असं ठरलं होतं!"

"हो. आता गरम येताहेत, तर मलाच यायला आवडेल."

डोन नाबोरनं पिन परत लावली, तेव्हा मशीन सुरू झालं, पण सगळ्यात वर झळकणारं माझं नाव पुसलं गेलं होतं. त्या मशीनचं तसंच होतं, वीज गेली की सगळं विसरायचं. म्हणून आज माझ्याकडे कसलाही पुरावा नाही आणि म्हणूनच त्या दातवाल्याचं फावतं.

मशीन राहिलं, टॉर्टिया गरम राहिल्या, फक्त मी घरात राहिले. दुपारी आई आणि ओफेलिया हातात हात घालून चढ चढायच्या, येताना डोन नाबोरकडे थांबायच्या, जाळी मोकळी ठेवून शेजारी शेजारी फडकी मांडायच्या आणि मशीनला कोपरं टेकवून भरतकाम करायच्या. दांड्यांवर दोऱ्यांची रिळं! पोरं नाणी मुठीत घेऊन बाहेर पायरीवर बसलेली असायची. घरी बाबा रिकाम्या टोपलीकडे बघत असायचे. एके दिवशी त्यांच्यानं राहवेना, आणि त्यांनी मला आईला आणायला पाठवलं.

मी दुकानाच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी राहिले. "आई, बाबा खोळंबलेत."

"आले गं. एवढी चोच होऊ दे."

"टॉर्टिया गार होतील."

आईनं मान वरसुद्धा केली नाही. सुई दातांत धरली, हात लांब करून टपावरचं फडकं चाचपलं आणि म्हणाली, "होत नाहीत. तूच नाही का शोधून काढलंस?"

मी घरी परत गेले आणि बाबांच्या शेजारी रिकाम्या बशीपुढे बसले. शोध माझा, आणि उपाशीही मीच!