चेहरा कोणाचा?

रत्नागिरीतल्या बाकीच्या फोटोवाल्यांच्या काचेत नवरानवरी असायची, नाहीतर पालथं पडलेलं उघडं बाळ. आमच्या समोरच्या दत्तारामच्या काचेत म्हैस होती. तिच्या एका बाजूला कोंबडा, खाली कापलेला फणस. माणूस औषधालाही नाही.

"तुला काय माणसं गिऱ्हाईक मिळत नाहीत?" मी विचारलं.

"मिळतात, काकू. पण काचेत लावायला चेहरा कोणाचा? त्यांचा. म्हशीच्या धन्याला मी विचारलंय."

'चेहरा कोणाचा?' हे त्याचं पालुपद. एका कापडवाल्याला आपल्या कॅलेंडरवर एक नवरी छापायची होती. लग्नातले फोटो दत्तारामने काढलेले, साडी कापडवाल्याच्या दुकानातली. दत्ताराम म्हणाला, "साडी तुमची, चेहरा तिचा. नुसती साडी हवी तर दोरीवर वाळत घाला, काढून देतो." कापडवाला शिव्या घालत गेला.

लोक म्हणायचे, विक्षिप्त आहे. मला ते पटत नव्हतं. जो एवढं झाकतो, त्याच्याकडे झाकण्यासारखं काहीतरी असणारच. चाळिशी उलटलेला, एकटा माणूस. आतल्या अंधाऱ्या खोलीला कायम कुलूप, आणि त्या खोलीत गावातल्या लग्नाच्या मुलींचे फोटो. मी ओटीवर तांदूळ निवडायला बसायची, पण खडे कमी आणि दत्तारामचं दार जास्त बघायची.

त्यात मालूचं प्रकरण झालं. मालू माझी पुतणी, आईबापाविना माझ्याकडेच वाढलेली. दाखवायचा फोटो दत्तारामकडेच काढला होता. तो आधी गुहागरच्या एका घरी पाठवला. पोराला मुलगी पसंत होती, बापाला आमची परिस्थिती पसंत नव्हती. नकार आला, फोटो तिकडेच राहिला. पुढे पालीचं स्थळ जमलं, सुपारीही फुटली. आणि एक दिवस पालीहून निरोप आला, की तुमच्या मुलीचा फोटो गुहागरच्या कुणा पोराच्या पाकिटात आहे, तो मित्रांना दाखवत फिरतो. याचा खुलासा झाल्याशिवाय पुढची बोलणी नाहीत.

माझ्या डोक्यात एकच नाव आलं. चप्पल न घालताच रस्ता ओलांडला.

"मालूच्या फोटोची जास्तीची प्रत तू कुणाला विकलीस?"

"मालूचा फोटो मी काढला की नाही, तेच मी तुम्हाला सांगणार नाही."

"मेल्या, मीच तिला इथे घेऊन आले होते! तिचा पदर मी नीट केला!"

"केला असेल. चेहरा कोणाचा? तिला पाठवा."

दुसरा कोणी असता तर घाबरून काहीतरी बोलला असता. हा शांतपणे कॅमेऱ्याची काच पुसत बसला. मला खात्रीच झाली. तरी मालूला पाठवलं. ती परत आली. "काय म्हणाला?" तर म्हणे, "माझं माझ्याकडे राहू दे, काकी." आता घरातही तीच भाषा सुरू झाली!

दुसऱ्या दिवशी दुकान बंद. "पळाला," मी शेजारणीला सांगितलं. त्यानंतरही कुलूप तसंच. पोलिसांत जायचं मी मनात पक्कं केलं, तेवढ्यात हा एस.टी.तून उतरला. तोंड उन्हाने करपलेलं, कपडे चुरगळलेले. मला नमस्कार केला आणि एक बंद पाकीट मालूच्या हातात दिलं. माझ्या नाही.

हकिगत मला पालीच्या व्याह्यांकडून कळली. जयगडची खाडी तरीने ओलांडून हा गुहागरला पोचला आणि त्या पोराच्या अंगणात बसला. पाणीसुद्धा घेईना. कोणी काही विचारलं, की 'चेहरा कोणाचा?' शेजारीपाजारी जमले. शेवटी पोराच्या आईनेच पोराच्या खिशातून फोटो काढून आणला. तेवढ्यावर हा उठला नाही. बापाला बरोबर घेऊन थेट पाली गाठली. बापाने हात जोडून सांगितलं, "आम्ही परत केला नाही, मुलीचा काही दोष नाही." लग्न मोडता मोडता राहिलं.

माफीबिफी मला जमत नाही. लग्न लागल्यावर त्याला जेवायला बोलावलं, तेच काय ते. तेव्हा कळलं, की हे त्याचं पहिलं नव्हतं. ज्या मुली सांगत, त्यांचे नकार आलेल्या घरी राहिलेले फोटो हा स्वतःच्या खर्चाने जाऊन आणायचा आणि जिचा तिला द्यायचा.

"तुझं लग्न झालं नाही ते का रे?" मी भात वाढत विचारलं.

"स्थळं बघितली होती. माझेही फोटो गेले होते चार घरी. तीन परत आले."

"आणि चौथा?"

"आंजर्ल्याला. नकार आला, फोटो नाही आला. तिचंही पुढे लग्न झालं नाही, असं ऐकतो. बापाच्या घरीच असते."

"मग दुसऱ्यांचे आणत फिरतोस, स्वतःचा का नाही आणलास?"

त्याने आमटी भातावर ओढून घेतली. कालवत राहिला.

"मागितला तर देतील, काकू," तो म्हणाला.