ओल्या रंगावर धाकटे

बायकोने कडक इस्त्री करून दिलेली फिकट पँट घालून धाकटे घराबाहेर पडले तेव्हा चार वाजायला आले होते, आणि बागेपर्यंत पोचल्यावर ते तिथेच थबकले. धाकटे म्हणजे वय वर्षं चौसष्ट. चाळीस वर्षं त्यांनी आणि त्यांच्या मोठ्या भावाने मिळून सगळ्या वस्तीच्या भिंती आणि दारं-खिडक्या रंगवल्या. लोकांनी दोघांची नावं केव्हाच विसरून टाकली आणि थोरले नि धाकटे एवढंच लक्षात ठेवलं.

अकरा वर्षांपूर्वी एका शाळेच्या भिंतीसमोर, हेडमास्तरांच्या देखत, धाकटे बोलून गेले होते की दादाच्या हातून हल्ली भिंतीवर ब्रशचे फराटे उठायला लागलेत. थोरल्यांनी ब्रश डब्यात ठेवला, हात पुसले आणि घरी निघून गेले. तेव्हापासून बोलणं बंद. एकाचं घर बागेच्या अलीकडे, दुसऱ्याचं पलीकडे, मध्ये फार तर दोनशे पावलं. पण ती दोनशे पावलं अकरा वर्षांत कुणाच्याने टाकवली नाहीत. आता उद्या सकाळी थोरले लांब, मुलीकडे, कायमचे राहायला चालले होते. आज गेला नाहीत तर यापुढे भावाच्या नावाने माझ्यापुढे सुस्कारे सोडायचे नाहीत, असं बायकोने धाकट्यांना निक्षून सांगितलं होतं.

जरा धीर गोळा करावा म्हणून धाकटे बागेतल्या हिरव्या सिमेंटच्या बाकावर टेकले. आता रंगाऱ्याला ओला रंग कळू नये का? पण चाळीस वर्षं टर्पेंटाइनमध्ये काढलेल्या त्या नाकाने रंगाचा वास घेणं कधीच सोडून दिलं होतं, आणि डोळे लागले होते थोरल्यांच्या गॅलरीकडे. बुडाला गार लागलं, तर सावलीचा गारवा असेल म्हणून ते आणखी ऐसपैस रेलले.

मग त्यांना बुटाखाली अडकलेला कागद दिसला. वाऱ्याने बाकावरून खाली आला असावा. ‘रंग ओला आहे. संध्याकाळपर्यंत बसू नये.’ एवढ्या लांब शेपटीचा ‘र’ जगात एकच माणूस काढत असे.

धाकट्यांनी इंचभर उठून पाहिलं. चर्र असा आवाज आला. ते गपकन पुन्हा बसले. म्हणजे बाक दादाने रंगवलेला, आणि त्यावर पँट आणि सदऱ्यासकट चिकटून बसलाय कोण, तर दादाच्या कामाला नावं ठेवणारा. घरी जावं तर बायको, पुढे जावं तर दादा, आणि नुसतं उठावं म्हटलं तर सगळी बाग मागून बघणार.

तेवढ्यात वस्तीतल्या निवृत्त नर्सबाई लगबगीने आल्या. मागे एकदा एक गृहस्थ तीन दिवस घरात आजारी पडून होते आणि शेजाऱ्यांना पत्ता नव्हता, तेव्हापासून बाईंनी ध्यास घेतला होता. बागेत समोरासमोर दोन बाक. पिवळ्यावर ज्याला मन मोकळं करायचं असेल त्याने बसायचं, हिरव्यावर ऐकणाऱ्याने. रोज चार ते सहा. जाण्याआधीचं शेवटचं काम म्हणून थोरल्यांनी दुपारीच हिरव्या बाकाला रंगाचा नवा हात दिला होता, हे बाईंना माहीत नव्हतं. आज पहिलाच दिवस, आणि ऐकायला येणाऱ्या पोस्टमनकाकांचा नेमका आजच गुडघा धरला होता.

“त्यांनी पाठवलेले बदलीचे तुम्हीच ना?” बाईंनी विचारलं.

धाकट्यांनी मान हलवली. दुसरं काही हलवता येण्यासारखं नव्हतं.

“नियम सोपे आहेत. फक्त ऐकायचं, शहाणपण शिकवायचं नाही. आणि माणूस बोलत असताना उठून जायचं नाही.”

“त्याची काळजीच नको,” धाकटे म्हणाले.

पहिली आली बसची कंडक्टरबाई. दिवसभर हजार माणसांशी बोलते, म्हणाली, पण घरचं कुलूप उघडलं की इतकं सामसूम असतं की आपलाच आवाज ऐकू यावा म्हणून मी थांब्यांची नावं मोठ्याने म्हणते. धाकटे “हं” म्हणाले. मग तीन महिन्यांचं बाळ घेऊन एक पोरगी आली. नळ सोडून मी न्हाणीघरात रडते हे अजून कुणाला सांगितलेलं नाही, एवढं बोलून ती खरोखरच रडायला लागली. धाकटे पुन्हा “हं” म्हणाले. तिथेच रेंगाळलेल्या कंडक्टरबाईने पुढे होऊन बाळ खांद्यावर घेतलं आणि त्याला थांब्यांची नावं म्हणून दाखवायला लागली. सातव्या थांब्याला बाळ झोपलं. दोघी बोलत बोलत एकाच दिशेने गेल्या.

धाकटे बघतच राहिले. आपण दोनदा “हं” म्हणालो, बास. तेवढ्यावर हे असं होतं? पँटचं दुःख ते साफ विसरले. इतकी वर्षं या लोकांच्या घरांत रंग दिला, पण आत राहणाऱ्यांचं एवढं काही चाललेलं असतं हे त्यांच्या गावीही नव्हतं.

बागेत बातमी पसरली. माणूस काय बसलाय, म्हणे, घड्याळाकडे बघत नाही, तसूभर हलत नाही. पिवळ्या बाकामागे रांग लागली. आमच्या वॉर्डात असा एक डॉक्टर असता तर, असं नर्सबाई ज्याला त्याला सांगत सुटल्या.

आणि त्या रांगेच्या कडेने, रंग वाळला का ते बघायला, खुद्द थोरले आले. उद्याच्या प्रवासासाठी घेतलेले नवे कपडे त्यांनी आजच घालून पाहिले होते. त्यांनी बाकाची कड पाहिली, बुटाखालचा कागद पाहिला, मग धाकट्यांची पँट पाहिली. रंगाऱ्याला तेवढं पुरतं. धाकट्यांनी मान खाली घातली. आता हा चारचौघांत हसणार. आपणही तेच केलं होतं की.

“मला बोलायचंय,” थोरले म्हणाले. नर्सबाईंनी पिवळा बाक दाखवला. थोरले तिकडे वळलेच नाहीत. ते हिरव्या बाकावर, धाकट्यांच्या शेजारी, चांगली पाठ टेकून बसले.

“दादा, रंग ओला आहे,” धाकटे पुटपुटले.

“माहितीये. मीच लावलाय.”

थोरल्यांनी बोटाने बाकाची कड चाचपली.

“शाळेच्या भिंतीवर फराटे होते,” थोरले म्हणाले. “मोतीबिंदू झाला होता मला. दिसत नव्हतं. तुला सांगायची लाज वाटली रे. नंतर ऑपरेशन झालं, पण तोवर तू बोलत नव्हतास.”

धाकट्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. शेजारी उभं राहून आपल्याला कसं कळलं नाही, असं काहीतरी ते सांगू लागले, तर लांबून नर्सबाईंनी ओठांवर बोट ठेवून नियमाची आठवण करून दिली. मग ते नुसतं “हं” म्हणाले, आणि थोरले सहा वाजेपर्यंत अकरा वर्षांचं बोलत राहिले.

सहाला दोघं उठले. चर्र, चर्र. सगळ्या रांगेने पाहिलं, नर्सबाईंनी तोंडावर हात ठेवला, आणि दोघे भाऊ ताठ मानेने धाकट्यांच्या घराकडे चालू लागले. बागेच्या फाटकाशी थोरले थांबले आणि पाठमोरे झाले.

“बघ रे. कसं झालंय काम?”

धाकट्यांनी चष्मा चढवला आणि वाकून, काम तपासावं तसं, वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं.

“एकसारखा लागलाय, दादा,” ते म्हणाले. “एक फराटा नाही.”