शिक्केवाल्याला हाक

नगरपालिकेत दाखले छापणारा मदतनीस नावाचा प्रोग्राम शिक्क्यासाठी हाक मारायचा, आणि इमारतीत जो कुणी त्या हाकेला आधी ओ देईल तो पुढची हाक येईपर्यंत मुख्याधिकारी व्हायचा.

यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मदतनीसाला खरं तर एका शिक्क्याच्या कपाटापुरती परवानगी पुरली असती. पण सिस्टीम बसवताना प्रत्येक कुलपाचा वेगळा विचार करत कोण बसणार? त्याला मुख्याधिकाऱ्यांचे सगळे अधिकार देऊन टाकले होते. खिडकीवर कुणी दाखला मागितला की तो व्हरांड्यातल्या स्पीकरमधून ओरडायचा, "शिक्केवाले!" कुठले शिक्केवाले, कुठल्या टेबलाचे, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. ओ आली की "बोला साहेब" म्हणायचा आणि साहेबांची पहिली आज्ञा जागच्या जागी अमलात आणायचा. एकदा साहेब झालेल्याचा आवाज मात्र लक्षात ठेवायचा आणि त्याला पुन्हा घ्यायचा नाही. एवढीच काय ती खबरदारी.

खरे मुख्याधिकारी बर्गे साहेब व्हरांड्यातल्या बाकावर बसत. पहिल्या दिवशी पहिल्या हाकेला सवयीने त्यांनीच ओ दिली होती आणि "चहा सांग" म्हणाले होते. चहा आला. तेव्हापासून ते माजी होते.

संगणक विभागातल्या वृषाली कोठावळेने हा दोष ओळखून सिस्टीम बसवणाऱ्या कंपनीला फोन केला होता.

"मॅडम, हे बाहेरून कुणाला करता येतं का?" पलीकडच्या माणसाने विचारलं.

"नाही. इमारतीत यावं लागतं."

"मग गंभीर नाही. आत आलेली माणसं आपलीच असतात."

"अहो, पण आत कुणीही येतं. नगरपालिका आहे ही."

"तुमच्या मुख्याधिकाऱ्यांकडून तसं कळवा, लगेच दुरुस्त करतो."

त्या दिवशी मुख्याधिकारी मारुती पिसे होते. त्यांचा मांडवाचा धंदा. ते आले होते मुलाचा दाखला न्यायला. हाक आली, त्यांनी ओ दिली, आणि "बोला साहेब" ऐकल्यावर क्षणभर विचार करून म्हणाले, "डायलिसिस केंद्राचं मंगल कार्यालय कर." दुपारपर्यंत मशिनं गोदामात गेली आणि दारावर तोरण लागलं.

वृषालीचा नवरा जयकर त्या केंद्रात जायचा. आता त्याला एसटीने मिरजेला जावं लागे. जाताना तो उभा राहू शकायचा, येताना नाही. केंद्रातले बाकीचे पेशंट रोज व्हरांड्यात येऊन हाकेची वाट बघत. पण दमलेल्या माणसाची ओ उशिरा निघते. त्यांच्या आधी कुणी ना कुणी साहेब होऊन जाई: कुणी गल्लीचं नाव बदलून घेई, कुणी शेजाऱ्याचा नळ तोडून घेई. जयकरही एकदा गेला होता. त्याची ओ त्याच्या ओठांच्या पलीकडे पोचली नाही.

"तू का देत नाहीस ओ?" बर्गे साहेबांनी एकदा वृषालीला विचारलं.

"चोरीच ना साहेब ती."

"हो, चोरीच," ते म्हणाले. "पण कुलपं तर आधीच फुटलेली आहेत."

जयकरला एसटीच्या पायरीवरून दोघांनी उचलून उतरवलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी वृषाली स्पीकरच्या अगदी खाली जाऊन उभी राहिली. 'डायलिसिस केंद्र सुरू कर,' हे वाक्य तिने रस्ताभर घोकलं होतं. एका बाईने रहिवासी दाखला मागितला. हाक आली.

"ओ!"

"बोला साहेब."

कुणीतरी तिला नमस्कार केला. बाकावरचे पेशंट तिच्याकडे बघत होते. त्यांच्यामागे पंचवीस-तीस माणसं घसा खाकरून तयार होती. केंद्र आज उघडेल, तिच्या मनात आलं, आणि उद्या यांच्यातलाच कुणी पुन्हा मांडव घालेल. तिची पाळी तर एकदाच.

"साहेब, बोला."

"तुझे सगळे अधिकार काढून टाक," वृषाली म्हणाली. "शिक्क्याच्या कपाटाचा तेवढा ठेव."

"होय साहेब. अधिकार काढायला शिक्का लागेल," मदतनीस म्हणाला आणि ओरडला, "शिक्केवाले!"

"ओ!" वृषालीच आधी ओरडली. पण तिचा आवाज आता त्याच्या लक्षात होता.

पाठोपाठ दाराजवळून एक ओ आली. ती नेमगोंडा आडमुठे नावाच्या म्हाताऱ्या गृहस्थांची होती. त्यांना कमी ऐकू यायचं. आपल्यालाच बोलावलं असं समजून त्यांनी ओ दिली होती.

"बोला साहेब."

वृषाली धावत गेली. "आजोबा, 'शिक्का मार' म्हणा! एवढंच म्हणा!"

"काय म्हणतीस, बाळ?" त्यांनी कानाला हात लावला. मग भिंतीला टेकत म्हणाले, "उभं राहवंना झालंय. बसायला कायतरी दे बाबा."

खुर्ची आली. गादीची, हातांची. आडमुठे साहेब बसले. आपल्या आज्ञेचं काय, असं वृषालीने विचारलं, तेव्हा बर्गे साहेब म्हणाले, "ती आधीच्या साहेबांची झाली." आणि बाकावर सरकून त्यांनी तिला जागा करून दिली. ती बसली नाही.

घरी जयकर भिंतीकडे तोंड करून पडला होता. तिने त्याला सगळं सांगितलं, काही न लपवता. आधी केंद्र उघडायला सांगितलं असतं तर ते उघडलं असतं, हेही सांगितलं. मंगल कार्यालयातला बँड इथवर ऐकू येत होता.

"खुर्ची मिळाली का त्यांना?" त्याने शेवटी विचारलं.

"मिळाली."

"चांगली आहे?"

"गादीची आहे."

"बरं झालं," जयकर म्हणाला. तिने त्याच्या पायांवर हात ठेवला. पाय सुजून गार पडले होते. ती उठली आणि मिरजेच्या गाडीसाठी त्याचे कपडे काढून ठेवू लागली.