गणपतरावांची जिगर

आमचे शेजारी गणपतराव रोज सकाळी एक बाटली उन्हात धरून निरखायचे. बाटली गुलाबपाण्याची, आतला ऐवज मात्र त्यांचा स्वतःचा. हकीमसाबना दाखवायची सकाळची पहिली लघवी! मी तेव्हा नवी सून, स्वतःला लई शहाणी समजणारी. खिडकीतून बघितलं आणि वाटलं, केवढा भाविक माणूस, गोमूत्र सूर्याला दाखवतोय. मी चक्क हात जोडले.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. गणपतराव औरंगाबादच्या कचेरीत कारकून. त्यांच्या जिगरची, म्हणजे यकृताची, खबर अख्ख्या गल्लीला असायची. "वहिनी, आज जिगर जरा गरम हाय," असं ते पावसापाण्यासारखं सांगत. "जिगर बिघडली की सल्तनत बुडाली!" वांगं तर सोडाच, वांग्याशेजारी ठेवलेल्या भाजीलाही शिवत नसत. तुपाचा तर थेंब पडताच 'बास' म्हणत.

त्यांच्या बायकोला, यमुनाक्काला, मूल नव्हतं. सासू उठता-बसता टोमणे मारी. मीही कडेवर एक पोर घेऊन मोठी वैद्यीण झालेली. "उंबराला फेऱ्या घाला," म्हणून सांगायचे. यमुनाक्का मान खाली घालून हसायची.

शेवटी सासूनं मुलासाठी दुसरी बायको ठरवायला घेतली. करमाडहून मुलीचे वडील आले. त्यांच्यासाठी पुरण शिजवायला कुणाला बसवलं? यमुनाक्कालाच. मी पोळ्या लाटायला होते.

ओसरीवर गणपतराव खाकरले. "पाव्हणं, माझ्या तब्येतीचं जरा सांगायचंय."

"आता जिगरचं पुराण नको रे बाबा!" सासू म्हणाली.

"जिगर ठणठणीत हाय माझी. पहिल्यापासून."

माझं लाटणं थांबलं.

"जिगरचं नाव सांगून मी दुसऱ्याच इलाजाला जात होतो. बीज माझं कमजोर हाय. हकीमसाबनी साफ सांगितलं. यमुनेत काही खोट नाय. तुमची पोरगी आणली तरी पाळणा हलायचा नाय."

जिगरची खबर ज्या खणखणीत आवाजात देत, त्याच आवाजात हेही बोलले. गल्लीनंही ऐकलं असणार. सासूनं पदर तोंडाला लावला. पाव्हण्यांनी पागोटं उचललं.

तेवढ्यात यमुनाक्का उठली, पदर खोचला आणि थेट ओसरीवर गेली. मान ताठ.

"बसा पाव्हणं. पोळ्या तव्यावर हायत. जेवल्याबिगर जायचं नाय."

पानं मांडली. नवऱ्याच्या पोळीवर ती तूप वाढायला लागली. धार चालूच राहिली, आणि गणपतरावांनी 'बास' म्हटलंच नाही.