सासूबाई तीसपैकी तीस

मूल्यमापन म्हणजे काय, हे आमच्या बेटावरच्या अख्ख्या नुव्हेल फ्रांस गावात एकाच माणसाला कळतं, असं १९७९ सालापर्यंत माझं स्पष्ट मत होतं. तो माणूस म्हणजे मी! प्रौढ साक्षरता वर्गाच्या स्वयंसेवक शिक्षकांची मराठी मंडळानं परीक्षा घेतली, तेव्हा ब्याऐंशी गुण मिळवून मी पहिला आलो होतो. माझी बायको कामिनी दुसरी. एक्याऐंशी! शेवटचं उत्तर कोरं सोडलं आणि एका गुणानं मागे पडली बिचारी, पण मी तिला कधी टोचून बोललो नाही. आठवड्यातून एकदाच काय ते.

माझ्या वर्गात नऊ बायका. इतर शिक्षक वर्षाअखेर परीक्षा घेत. मी दर शनिवारी तीस गुणांची चाचणी घेई आणि निकाल भिंतीवरच्या तक्त्यावर लिही. तीन महिन्यांत त्या तक्त्यातून मला एक थोर शोध लागला. सर्वांत वडील चंद्रावतीबाई, वय अडुसष्ट, तीसपैकी तीस! त्यांच्याखाली विद्यावतीबाई, सत्तावीस. असं वयाप्रमाणे उतरत उतरत सर्वांत शेवटी चंद्रावतीबाईंची सून कुंती, वय बावीस, गुण नऊ! वय वाढतं तशी शिकण्याची ताकद वाढते, असा चार पानी अहवाल मी मंडळाला धाडला.

मंडळ हरखलं. सूयाक गावी बायकांचा नवा वर्ग निघत होता. तुमच्या वर्गात पहिली आलेली बाई दर शनिवारी तिथं शिकवायला जाईल, असं पत्र आलं. मी ते वर्गात वाचून दाखवलं, तेव्हा कुंतीचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. सूयाक तिचं माहेर. वर्षातून एकदा जायला मिळायचं. मला वाईट वाटलं, पण नऊ गुणांना मी तरी काय करणार?

पुढच्या शनिवारी मंडळाचे चिटणीस तुलसीरामजी पडताळणीला आले.

“चंद्रावतीबाई, फळ्यावर आपल्या गावाचं नाव लिहा.”

बाईंनी खडू उलटसुलट करून पाहिला आणि सुनेच्या हातात दिला. “लिव गे.”

कुंतीनं जोडाक्षरासकट गावाचं नाव असं लिहिलं, की छापखान्यानं लाजावं!

“हिला नऊ गुण?” तुलसीरामजी माझ्यावर उखडले.

“मो पा कोने, मला नाय ठाऊक!” कुंतीनं घाबरून पदर तोंडाला लावला.

“आणि सासूबाईंना तीस?”

“माझा कागद तीच लिवते,” चंद्रावतीबाई शांतपणे म्हणाल्या. “आन् आपल्या कागदावर सासूपेक्षा जास्ती कशी लिवंल? चांगल्या घरची पोर हाय!”

“मी पण दोन-तीन उत्तरं सोडते,” विद्यावतीबाई म्हणाल्या. “चंद्रावती थोरली ना!”

“मी सा सोडते,” मागून इंद्राणी. सगळ्या माना डोलल्या. माझा चार पानी शोध तिथंच गारद झाला!

“आत्ताच्या आत्ता नवी चाचणी!” मी ओरडलो. कागद वाटले. कुणी पेन्सिल उचलेना.

“सासूआय समोर बसलीय, गुरुजी. मी कशी लिवू?” कुंतीचे डोळे भरून आले. सूयाकची बस तिच्या डोळ्यांदेखत सुटत होती.

चंद्रावतीबाईंनी सुनेकडे पाहिलं आणि गुडघ्यांवर हात टेकून उठल्या. “आयो, मी भायेर बसते! मी बगितलं नाय, म्हंजे झालं नाय. लिव गे, सगळं लिव. आयशीला भेटायचं हाय ना तुला?”

त्या गेल्या. मग इंद्राणीची अडचण नको म्हणून विद्यावतीबाई गेल्या. मग तिच्याहून धाकट्या पुष्पाची अडचण नको म्हणून इंद्राणी. बघता बघता आठ बायका अंगणात आणि परीक्षेला एकटी कुंती! तीसपैकी तीस! तुलसीरामजींनी तिथल्या तिथं सही केली.

संध्याकाळी घरी हे सारं सांगताना मी पोट धरून हसलो. कामिनी काही हसली नाही. मग माझंही हसू हळूहळू थांबलं.

“कामिनी,” मी विचारलं, “आपल्या त्या परीक्षेत तू शेवटचं उत्तर कोरं सोडलं होतंस ना? ते तुला येत होतं?”

तिनं चहाचा कप माझ्या हातात दिला.

“खरं ऐकायचं असेल,” ती म्हणाली, “तर तुम्ही जरा बाहेर जाऊन बसा.”

मी कप घेऊन मुकाट्यानं बाहेर जाऊन बसलो.