भिंतीपासून तीन फूट

आष्ट्याचे दत्तूतात्या टेलर कोणताही पुतळा आधी मागून बघतात. समोरचा चेहरा, हार, पाटीवरचं नाव, यांच्याशी त्यांना देणंघेणं नाही. एका लग्नासाठी आम्ही साताऱ्याला गेलो होतो, तेव्हा चौकातल्या पुतळ्याभोवती त्यांनी तीन फेऱ्या मारल्या. मी मोजल्या. हवालदारानं विचारलं, "काय हरवलं का, बाबा?"

"न्हाई. ह्येचा कोट मागनं कुणी शिवलाय ते बगतोय."

देवळातही तेच. मूर्तीच्या मागं डोकावू लागले, तसा पुजारी म्हणाला, "आवं, प्रदक्षिणा घाला की."

"घालतोय. पर मधी भिंत घातलीया तुमी. देव पाठमोरा कसा हाय, कुणालाच ठावं न्हाई."

चाळीस वर्षं गिऱ्हाइकाला "जरा फिरा" म्हणण्यात गेली. पुतळा फिरत नाही, म्हणून हे फिरतात, असं मी धरून चाललो होतो. रस्त्यात ते मलाही पाठीवरूनच ओळखतात. "सेक्रेटरी, उजवीकडं झुकाय लागलायसा. पिशवी दुसऱ्या हातात घ्या." मी हसण्यावारी न्यायचो. माझा विश्वास आकड्यांवर.

त्यांचा एकुलता एक मुलगा, संतोष, दोन वर्षांपूर्वी सैन्यात असताना गेला. गावानं त्याचा अर्धपुतळा बसवायचं ठरवलं आणि कमिटीचं सेक्रेटरीपद माझ्याकडं आलं. सांगलीच्या मूर्तिकारानं फोटोवरून मातीचा नमुना केला. घरच्यांनी तो पास केल्यावरच साचा घ्यायचा, आणि साचा घेतल्यावर बदल नाही, असं ठरलं होतं. म्हणून गेल्या मंगळवारी मी तात्यांना घेऊन सांगलीला गेलो. हजर आम्ही तिघंच.

मी टेप लावली. उंची तीस इंच, खांदे वीस. ठरलं होतं तेवढंच. नाकडोळे फोटोबरहुकूम.

"तात्या, सही करा."

तात्या केव्हाच मागं जाऊन उभे होते.

"माप बराबर हाय," ते म्हणाले. "पोरगं आमचं न्हवं."

मूर्तिकार वैतागला. "काका, फोटो समोरचाच दिला होता तुम्ही."

"व्हय, चूक माजीच. डावा खांदा अर्धा इंच उतरता पायजे. धा वर्सं दुधाची किटली त्याच हातानं न्हेली त्येनं. ह्यो खांदा कुणाचा लावलाय?"

"जवानाचे खांदे सरळच शोभतात, तात्या," मी म्हणालो. "आणि मागून बघणार कोण? चौथरा शाळेच्या भिंतीला लागून बांधायचा आहे."

"मंग मी कुठनं बगायचं?"

मूर्तिकारानं मुकाट्यानं डाव्या खांद्याची माती खरवडली, मानेजवळ थोडी चढवली. वीस मिनिटं लागली. चेहऱ्याला त्यानं बोटही लावलं नाही, हे मी शपथेवर सांगतो. मी समोरच उभा होतो. तरी चेहरा बदलत गेला. फोटोतला ताठ जवान गेला आणि किटली खाली ठेवून "काका, अर्धा लिटर ना?" विचारणारा संतोष आला. मी पुन्हा टेप लावली. उंची तीसच. आयुष्यात पहिल्यांदा मी टेप खिशात ठेवली आणि नुसता बघत राहिलो.

"तात्या, इकडं या. समोरून बघा."

ते हलेनात. पुतळ्याखालचा पाट फिरता होता. मूर्तिकारानं तो हळूच फिरवायला घेतला. कान दिसला, गालाची कड दिसली, तसा तात्यांनी त्याचा हात धरला.

"ऱ्हाऊ द्या."

"अहो, हुबेहूब झालाय," मी म्हणालो.

"म्हणूनच." त्यांनी चष्मा काढला. "यष्टीपाशी घुटमळत हुता शेवटच्या टायमाला. मीच वरडलो, मागं बगत बसू नगंस, चढ, गाडी जाईल. न्हाई बगितलं मंग त्येनं."

सही त्यांनी पुतळ्याच्या मागं उभं राहूनच केली.

परत येताना यष्टीत मी मंजुरीच्या कागदावर तीन ओळी वाढवल्या. डावा खांदा अर्धा इंच खाली. चौथरा भिंतीला लागून नको. मागं तीन फूट जागा सोडावी. एका माणसाला उभं राहायला तेवढी पुरते.